चाल, चढाई आणि निवाडा : प्रस्तावना

अद्भुतरम्य मिनिएचर युद्धखेळ खेळणाऱ्या दोघांत वाद झाला, तर तो बहुतेक वेळा दोनच जागी होतो : तुकडी कशी सरकली आणि तिची चढाई शत्रूपर्यंत पोहोचली का. घाव बसला की हुकला हे फासा सांगतो, आणि फाशावरचे ठिपके दोघांना सारखेच दिसतात. पण तुकडी किती वळली, तिला समोरचा शत्रू दिसत होता का, ती त्याच्या तोंडावर आदळली की बगलेत घुसली, याचे उत्तर कोणत्याही फाशावर नसते. नियमपुस्तकातले एकच वाक्य दोघे वाचतात आणि दोघांच्या हाती दोन अर्थ लागतात. अशा वाक्यांचा निवाडा कसा करावा, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल घ्यायचे. त्यावर टेकड्या, झाडी, भिंती, पडके बुरूज मांडायचे. दोन्ही कडांना साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या, हाताने रंगवलेल्या मिनिएचरची दोन सैन्ये उभी करायची : भालाईत, धनुर्धारी, घोडेस्वार आणि त्यांच्याबरोबर राक्षस, पंखवाले सर्प, मंत्रविद्या जाणणारे. प्रत्येक मिनिएचरच्या पायाखाली चौकोनी बेस असतो आणि असे बेस रांगांत जोडून तुकडी तयार होते. टेबलावर घरे आखलेली नसतात. अंतर टेपने मोजायचे, नशीब फाशांवर सोडायचे. आपल्या पाळीत तुकड्या हलवायच्या, चढाई जाहीर करायची, बाण सोडायचे आणि शेवटी हातघाईचा निकाल लावायचा. रत्नागिरीतली मुले दिवाळीत अंगणात लाल मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात, तेव्हा या खेळाचा अर्धा भाग त्यांनी आधीच केलेला असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे ते मावळे चालू लागले तर काय होईल याचे नियम.

हे नियम अवघड का झाले, याचे उत्तर खेळाच्या इतिहासात आहे. बुद्धिबळात चालीवरून वाद होत नाही, कारण पटावर चौसष्ट घरे आहेत आणि मोहरा एकतर या घरात असतो किंवा त्या घरात. ब्रुन्सविकचे योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी १७८० मध्ये युद्धाचा खेळ रचला, तेव्हा त्यांनीही बुद्धिबळाचाच आधार घेतला आणि पट मोठा करून त्यावर प्रदेश रंगवला. घरे टाकून देण्याचे धाडस प्रशियात झाले. राइसविट्झ पिता-पुत्रांपैकी वडिलांनी १८१२ मध्ये तिथल्या राजाला दाखवलेल्या टेबलावर सैन्य मोकळे सरकत होते. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये नियम छापले, त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा होता, प्रत्येक पाळी दोन मिनिटांची धरलेली होती आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसलेला होता. हा पंच महत्त्वाचा. मोकळ्या जमिनीवरची चाल नियमात पूर्ण बांधता येत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते, म्हणून जिथे नियम संपेल तिथे माणूस बसवला होता. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने तर नियम जवळजवळ बाजूला सारून सगळा निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा असे सुचवले.

हा खेळ छावणीतून घरात आला, तेव्हा पंच बाहेरच राहिला. एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ मध्ये निघाले. त्यात पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट आणि मोजायला दोऱ्याचा तुकडा. खेळणारे दोघेच. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धाच्या नियमांना एक अद्भुतरम्य पुरवणी जोडली गेली आणि टेबलावर जादूगार व ड्रॅगन आले. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ निघाले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या आल्या. २०१५ मध्ये तो जुना क्रम थांबला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने रांगांच्या तुकड्यांचा खेळ पुन्हा सुरू झाला. दरम्यान ‘किंग्ज ऑफ वॉर’सारखे दुसरे खेळही रुजले. या सगळ्या खेळांत दोन माणसे, एक टेबल आणि एक पुस्तक असते. पंचाचे काम पुस्तकाच्या वाक्यांवर येऊन पडले आहे. वाक्य अपुरे पडले की निवाडा करण्याची जबाबदारी त्या दोघांचीच उरते, आणि ते दोघेही वादी असतात.

मराठी माणसाला ही अडचण नवी नाही. आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ होण्याआधी आपल्याकडे देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळले जाई. त्यात किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे, प्यादे ज्या घरात पोहोचेल त्या घराचा मोहरा होई, आणि समोरच्याचा राजा एकटा पडला तर ‘बुर्जी’ धरली जाई. यातले तपशील प्रांतागणिक बदलत. परगावचा खेळाडू आला तर पट मांडण्याआधी बोलणी करावी लागत. तिथे निदान घरे होती. घरे नसलेल्या मैदानावरची चाल नियमात कशी बांधावी, याचा उत्तम नमुना आपल्या खो-खोत आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम लिहायला घेतले आणि पुढे पिढ्यांनी ते घासून नेमके केले. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मध्येच उलटे फिरायचे नाही, हा मूळ नियम. पण ‘उलटे फिरला’ म्हणजे नक्की किती? डोके वळले तर? कंबर वळली तर? नियमकर्त्यांनी उत्तर दिले : खांद्यांची रेषा पाहा. दोन खांद्यांना जोडणारी रेषा किती कोनात वळली, यावर तोंड फिरले की नाही ते ठरते. धावत्या शरीरातली मोजता येण्याजोगी एक गोष्ट त्यांनी निवडली आणि तिच्यावर सगळा नियम उभा केला. युद्धखेळाच्या नियमकर्त्यांना याहून चांगला धडा मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे वळू. वादाच्या जागा ओळखीच्या आहेत.

पहिली जागा वळणाची. रांगेतली तुकडी वळते तेव्हा तिचे एक टोक स्थिर राहते आणि दुसरे फिरते. अंतर बाहेरच्या टोकाने कापलेले मोजायचे, हे बहुतेक पुस्तके सांगतात. पण ते कमानीवरून मोजायचे की सरळ रेषेत? २५ मिलिमीटरच्या बेसवरचे पाच शिपाई शेजारी उभे केले, तर आघाडी १२५ मिलिमीटर होते. काटकोनात वळताना बाहेरचे टोक कमानीवरून सुमारे १९६ मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ इंच जाते. टेप सरळ ताणली तर तेच अंतर १७७ मिलिमीटर, म्हणजे सात इंचांच्या आसपास भरते. पाऊण इंचाचा फरक पडला, आणि पाऊण इंचात अनेक चढाया जिंकल्या किंवा हरल्या जातात.

दुसरी जागा दृष्टीची. तुकडीच्या आघाडीच्या दोन टोकांपासून बाहेरच्या बाजूला पंचेचाळीस अंशांच्या रेषा काढायच्या आणि त्यामधला भाग ‘समोर’ मानायचा, अशी बऱ्याच खेळांची रीत आहे. पण शत्रूचा एकच कोपरा त्या रेषेच्या आत असेल तर तो दिसला का? मध्ये आपलीच तुकडी उभी असेल तर? उंच राक्षस भालाइतांच्या डोक्यावरून पाहू शकतो का?

तिसरी जागा बाजूची. बगलेतून आणि पिछाडीवरून झालेला हल्ला अधिक घातक असतो, म्हणून चढाई कोणत्या बाजूवर झाली हे ठरवावेच लागते. बहुसंख्य शिपाई ज्या पट्ट्यात असतील ती बाजू, असे एक पुस्तक म्हणते. मग निम्मे एका पट्ट्यात आणि निम्मे दुसऱ्यात असतील तेव्हा काय? ‘किंग्ज ऑफ वॉर’ने ही अडचण मुळातच काढली. तिथे तुकडीच्या आघाडीचा मध्यबिंदू हाच निर्णायक आहे. तो बिंदू शत्रूच्या ज्या पट्ट्यात, त्या बाजूवर चढाई. बिंदूचे दोन भाग होत नाहीत, त्यामुळे समसमान होण्याची वेळ क्वचितच येते. खो-खोतली खांद्यांची रेषा आणि हा मध्यबिंदू यांच्यामागे एकच शहाणपण आहे.

चौथी जागा भिडण्याची. चढाई पोहोचली, बेसला बेस टेकला, आता दोन्ही तुकड्या समांतर करायच्या. पण कुठे सरकवून? कोपऱ्याला कोपरा लावून थांबले तर शत्रूचे थोडेच शिपाई लढू शकतात आणि आपला वीर सुरक्षित राहतो. काही खेळाडू मुद्दाम असे टोचून चढाई करतात. जास्तीत जास्त शिपाई भिडतील अशा रीतीने भिडा, असे पुस्तक म्हणते, पण जास्तीत जास्त कोणाचे, आपले की दोघांचे मिळून, हे काही ठिकाणी सांगायचे राहून जाते.

पाचवी जागा वाटेतल्या अडथळ्यांची आणि सहावी प्रतिसादाच्या क्रमाची. ज्याच्यावर चढाई झाली तो उभा राहू शकतो, बाण मारू शकतो किंवा पळू शकतो. तो पळाला आणि त्याच्या मागे दुसरी तुकडी उघडी पडली, तर चढाई तिच्याकडे वळवता येते का? दोन तुकड्यांनी एकाच वेळी एका शत्रूवर चढाई केली आणि वाट एकीलाच पुरेल एवढी असेल तर आधी कोण?

अशा प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर पाठ करणे शक्य नाही. पुस्तके बदलतात, आवृत्त्या बदलतात, पूर्वी मनाई असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत मोकळी होते. ‘वॉरहॅमर’मध्ये आधी टेप लावून अंतर पाहण्याची मनाई होती, ती २०१० च्या आठव्या आवृत्तीत उठली आणि त्याबरोबर अंदाज बांधण्याचे जुने कसबही गेले. म्हणून उत्तरांपेक्षा उत्तर काढण्याची पद्धत हाती असली पाहिजे. ती पद्धत बाहेरून आणावी लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका विद्वानाने तिची सविस्तर मांडणी करून ठेवली आहे.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वकिली मुंबई उच्च न्यायालयात. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये आणि पाचव्या खंडाचा शेवटचा भाग १९६२ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. त्या पाचव्या खंडात पूर्वमीमांसेचे अर्थ लावण्याचे नियम धर्मशास्त्राला कसे लागू झाले, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मीमांसकांपुढचा प्रश्न आपल्या प्रश्नासारखाच होता. यज्ञाची विधिवाक्ये समोर आहेत, ती कधी अपुरी आहेत, कधी एकमेकांशी विसंगत दिसतात, आणि विचारायला वाक्याचा कर्ता नाही. तरीही कृती आजच करायची आहे, म्हणून निर्णय हवा. शतकानुशतके वाद घालून त्यांनी निर्णयाच्या कसोट्या तयार केल्या. या कसोट्या कायद्याच्या अर्थालाही चालतात, हे किशोरीलाल सरकार यांनी १९०५ च्या टागोर विधी व्याख्यानांत दाखवले. याच कसोट्या टेबलावरच्या सैन्यालाही चालतात, असे माझे ठाम मत आहे आणि या पुस्तिकेचा पाया तोच आहे.

पहिली कसोटी बलाबलाची. मीमांसक सहा प्रमाणे सांगतात : श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. यांच्यात विरोध आला तर आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान. आपल्या भाषेत सांगायचे तर पुस्तकाने स्पष्ट शब्दांत सांगितलेले सर्वांत वर, त्यानंतर शब्दाच्या अंगी असलेला सूचक अर्थ, मग वाक्याची जुळणी, मग ते कोणत्या प्रकरणात आले आहे ते, मग त्याची जागा, आणि सर्वांत शेवटी त्याचे नाव. ही शेवटची पायरी खेळाडू वारंवार विसरतात. समजा, एखाद्या राक्षसाच्या विशेष गुणाचे नाव ‘अनिवार धाव’ आहे आणि त्याखाली एवढेच लिहिले आहे की त्याच्या चढाईवर शत्रूला बाण मारता येत नाही. मग नाव अनिवार आहे म्हणून त्याला भिंत अडवणार नाही, असा अर्थ काढता येत नाही. नाव हे दुबळे प्रमाण आहे, मजकूर बलवान.

दुसरी कसोटी सामान्य आणि विशेषाची. साऱ्या सैन्याला लागू होणारा नियम आणि एकाच तुकडीला लागू होणारा नियम भिडले, तर विशेष जिंकतो. पण त्याने जेवढे मागितले तेवढ्यापुरताच. घोडेस्वारांना चढाईत दोनदा वळता येईल असे लिहिले असेल, तर एकदाच वळण्याचा सामान्य नियम त्यांच्यापुरता मागे सरतो. प्रत्येक वळण बाहेरच्या टोकावर मोजण्याचा नियम मात्र जागच्या जागी राहतो.

तिसरी कसोटी अतिदेशाची. मूळ यागाचे सगळे तपशील दिलेले असतात; त्यावर बेतलेल्या यागात फक्त फरक सांगितलेला असतो आणि बाकीचे मूळ यागातून यायचे असते. चढाईचे प्रकरण साध्या चालीच्या प्रकरणावर असेच बेतलेले असते. चढाईत भिंत ओलांडण्याबद्दल पुस्तक गप्प असेल, तर साध्या चालीत भिंतीला जो दंड आहे तोच लागू करावा. याला जोडून एक सुंदर अपवाद आहे. धान्याऐवजी सोन्याचे कण शिजवायचे असतील तिथे कांडण्याचा विधी गळतो, कारण सोन्याला कोंडा नसतो. एकटा ड्रॅगन हलतो तेव्हा रांग राखून वळण्याचे नियम असेच गळतात, कारण त्याला रांगच नाही.

चौथी कसोटी एकवचनाची. सोमयागातला प्याला पुसावा, असे विधान आहे आणि प्याले अनेक आहेत. मीमांसकांनी ठरवले की तिथले एकवचन विवक्षित नाही, सगळे प्याले पुसावेत. खेळाच्या पुस्तकात ‘चढाई झालेली तुकडी पळाल्यास चढाई दुसऱ्या तुकडीकडे वळवता येते’ असे असेल आणि एकाच वेळी दोन तुकड्यांवर चढाई जाहीर झाली असेल, तर तिथले एकवचन मर्यादा घालण्यासाठी आहे की बोलण्याच्या ओघात आले आहे, हे आधी विचारावे.

पाचवी कसोटी प्रयोजनाची. जो अर्थ घेतल्याने नियम निरर्थक ठरतो, तो अर्थ टाकावा. भिंतीला जाडी असते, त्यामुळे भिंतीआड उभ्या तुकडीच्या बेसला बेस टेकूच शकत नाही. ‘बेस टेकल्याशिवाय लढाई नाही’ हे शब्दशः धरले, तर भिंतीमागचा सैनिक कायमचा अजिंक्य होईल. भिंत बचावाला थोडी मदत करते, एवढाच पुस्तकाचा हेतू आहे. म्हणून भिंतीच्या दोन्ही कडांना तुकड्या लागल्या की त्या भिडल्या असे मानावे. एक इंचाच्या अंतराचा नियमही असाच वाचावा. शत्रूपासून एक इंच दूर राहा, असे पुस्तक सांगते ते कोण कोणाशी लढते आहे हे स्पष्ट दिसावे म्हणून. त्यामुळे एकावर चढाई करताना तिसऱ्याच्या जवळून जावे लागले तर जाऊ द्यावे, मात्र त्याला स्पर्श होऊ नये आणि चाल संपताना अंतर पुन्हा पाळले जावे. कोपऱ्याला टोचून थांबण्याची युक्तीही या कसोटीवर टिकत नाही. चढाईचे प्रयोजन लढाई घडवणे हे आहे, म्हणून ‘जास्तीत जास्त’ म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून, असाच अर्थ घ्यावा.

आणि सर्वांत शेवटी विकल्प. एकमत होत नसेल तर फासा टाका, असा सल्ला अनेक नियमपुस्तके स्वतःच देतात आणि बहुतेक खेळाडू लगेच तिथे धावतात. मीमांसकांनी विकल्पाला सर्वांत शेवटचे स्थान दिले आणि त्यात आठ दोष दाखवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आज एक वाक्य मानून दुसरे टाकायचे आणि उद्या टाकलेले उचलून मानलेले टाकायचे, यात दोन्ही वाक्यांचे प्रामाण्य जाते. फाशाने केलेल्या निवाड्याचे नेमके हेच होते. आज तुमची चढाई बगलेत पोहोचली, पुढच्या रविवारी तशीच माझी पोहोचली नाही, आणि नियम दोघांच्याही हाती राहिला नाही. वेळ थोडा असेल आणि वाक्य खरोखरच दोन अर्थांमध्ये समतोल असेल, तर फासा जरूर टाकावा. मात्र खेळ संपल्यावर तो प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या खेळाआधी त्याचा कायमचा निर्णय करावा.

‘पुढच्या खेळाआधी’ या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो. महाभारताच्या भीष्मपर्वाच्या आरंभी, पहिला बाण सुटण्याआधी, दोन्ही पक्ष एकत्र येऊन युद्धाचे नियम ठरवतात. रथीने रथीशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी. पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र गमावलेल्यावर घाव घालू नये. वाद्ये वाजवणाऱ्यांना आणि भार वाहणाऱ्यांना मारू नये. या कराराला तिथे ‘समय’ म्हटले आहे. तो पुढे कसा मोडला गेला, हे आपण सगळे जाणतो. चिखलात रुतलेले कर्णाचे चाक आणि दुर्योधनाची मांडी यांवरचे वाद आजही संपलेले नाहीत. पण करार आधी केलेला होता, म्हणूनच तो मोडला हे म्हणता येते. खेळाआधी कोणालाच ठाऊक नसते की तो निम्म्या-निम्म्या बगलेचा प्रश्न आज कोणाच्या बाजूने पडणार आहे. त्या क्षणी माणूस न्यायाने विचार करतो. चढाई जाहीर झाल्यावर प्रत्येकाला आपला अर्थच बरोबर वाटतो, आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. डोळे तसे पाहू लागतात. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी खेळाआधी ठरवायच्या गोष्टींची यादी दिली आहे. ती मोठ्याने वाचावी, मान्य-अमान्य सांगावे आणि मगच सैन्य उतरवावे.

त्या यादीतला मोठा भाग जमिनीविषयी आहे आणि तो आम्ही आमच्या मुलखावरून लिहिला आहे. परदेशी पुस्तकांतली कुंपणे आणि कुरणे आमच्या खेळाडूंनी पाहिलेली नाहीत. गडगा मात्र प्रत्येकाने ओलांडलेला आहे. जांभ्या दगडांचा, चुन्याशिवाय रचलेला, कमरेएवढा गडगा : पायदळाला ओलांडता येतो पण वेग जातो, घोडदळाची रांग तिथे मोडते, मागे उभे राहणाऱ्याला आडोसा मिळतो. सडा उघडा आणि सपाट, तिथे चढाईला कोणताही दंड नाही आणि लपायलाही जागा नाही. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून तीन शिपाईच शेजारी-शेजारी जाऊ शकतात, म्हणून पाचांच्या आघाडीची तुकडी तिथे शिरायची असेल तर तिने आधी रांग अरुंद केली पाहिजे आणि त्याची किंमत चालीतून वजा झाली पाहिजे. पऱ्या, म्हणजे लहान ओढा, पावसाळ्यात अडथळा, उन्हाळ्यात नुसता खळगा. खेळ कोणत्या ऋतूत चालला आहे ते आधी ठरवावे. खाडीचा चिखल ओहोटीला पार करता येतो, भरतीला नाही. म्हणून किती पाळ्यांनी पाणी बदलणार हे आधी लिहावे. जमिनीचा स्वभाव दोघांना ठाऊक असला, की तिच्याबद्दलच्या नियमाचा अर्थ लावणे सोपे होते.

या पुस्तिकेची रचना अशी आहे. पहिल्या भागात चालीचे प्रश्न आहेत : वळण, मागे सरकणे, रांग बदलणे, अरुंद जागेतून जाणे. दुसऱ्या भागात चढाई, तीही घडते त्याच क्रमाने : जाहीर करणे, पाहणे, मोजणे, प्रतिसाद, पोहोचणे, भिडणे, चुकलेल्या चढाईचे पुढे काय. प्रत्येक प्रश्नाखाली कोणती कसोटी लावली ते लिहिले आहे, कारण निवाडा पटला नाही तरी तो कसा काढला हे वाचकाला दिसले पाहिजे. तिसऱ्या भागात उडणारे, भुतेखेते, एकटे वीर आणि जादूने जागा बदलणाऱ्या तुकड्या आहेत. अद्भुतरम्य खेळाची खरी परीक्षा तिथे होते, कारण भिंतीतून जाणारे भूत आणि भिंतीवरून उडणारा सर्प यांच्यासाठी अनुभवाचा दाखला देता येत नाही. तिथे फक्त नियमाचा शब्द आणि त्याचे प्रयोजन हाताशी असते. कोणत्याही एका कंपनीच्या खेळाची ही मार्गदर्शिका नाही. तुमच्या पुस्तकात स्पष्ट उत्तर असेल तर तेच पाळा. इथली उत्तरे पुस्तक गप्प असेल तेव्हासाठी आहेत.

मराठीत हे लिहिण्याचा आग्रह का, असे विचारले जाईल. हा खेळ खेळणारी मुले इंग्रजी पुस्तके वाचतात हे खरे, पण वाद ती मराठीत घालतात. ज्या भाषेत वाद होतो, त्या भाषेत निवाड्याची साधने असली पाहिजेत. आपल्याकडे अर्थनिर्णयाची मोठी परंपरा आहे. ती पोथीत बंद ठेवून खेळाच्या टेबलावर आपण नुसता आवाज चढवावा, हे बरे नाही. वाक्य नीट वाचणे, समोरच्याचा अर्थ त्याच्या बाजूने मांडून पाहणे, आपल्या लाभाविरुद्ध जाणारा निवाडाही मान्य करणे, हे पंधरा वर्षांच्या मुलाने टेबलावर शिकले तर ते त्याला पुढे करारपत्र वाचताना आणि ग्रामसभेत बोलतानाही उपयोगी पडेल.

वाचकांना एक विनंती आहे. या पुस्तिकेतले निवाडे तुमच्या टेबलावर लावून पाहा. जिथे ते अडतील तिथे प्रसंग लिहून ठेवा : कोणता खेळ, कोणती आवृत्ती, तुकड्या कशा उभ्या होत्या, वाक्य काय होते, दोन्ही अर्थ काय निघाले. शक्य असेल तर वरून काढलेली साधी आकृती जोडा. निर्णय काय झाला यापेक्षा तो कोणत्या कारणाने झाला ते अधिक काळजीने लिहा. अशा नोंदी गावोगावच्या खेळाडूंनी एकमेकांना दाखवल्या, तर काही वर्षांत मराठीत या खेळाचा स्वतःचा न्यायसंग्रह तयार होईल. तोपर्यंत एवढे करा : सैन्य मांडण्याआधी बोला, आणि एकदा बोललात की तो शब्द पाळा.

रत्नागिरी